उजवा कौल

"उजवा कौल दिलान देवानं!" वॉर्डात शिरता शिरताच यमुनाबाईंनी सुनेला सांगितलं.

मनालीचा जीव भांड्यात पडला. उजवा म्हणजे होकार. तिच्या नवऱ्याच्या, राजारामच्या फुफ्फुसाभोवती वर्षभरात तिसऱ्यांदा पू झाला होता. बरगड्यांमधून घातलेली नळी खाटेखालच्या बाटलीत उतरत होती, आणि त्या बाटलीकडे नजर गेली की तिला अजूनही उमासा यायचा. आता छाती उघडून साफ करायची, उद्या सकाळीच, यापुढे थांबणं जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण गावच्या देवाला विचारल्याशिवाय टेबलावर जाणार नाही, हा राजारामचा हट्ट. भ्यायला होता बिचारा.

तिने हात जोडले. "मग सिस्टरना सांगून येते, उद्याचं नक्की."

"उद्या नाय वहिनी," धाकटा दीर सुहास म्हणाला. वास येतो म्हणून त्याने नाकाला रुमाल लावला होता. "शिमगा झाल्यावर."

"अहो, देवाने हो म्हटलंय ना?"

सुहास खिडकीबाहेर बघू लागला.

"भावजी, गाऱ्हाणं काय घातलंत देवाला?"

उत्तर यमुनाबाईंनी दिलं, अगदी सरळ मनाने. "शिमगा होईस्तवर थांबलो तर चालंल काय, असं विचारलं. तर उजवा पडला."

"पण पंधरा दिवस थांबायचं कशाला?"

"आता कसं सांगू तुम्हाला," सुहासने आवाज खाली आणला. "उद्या काय कमी-जास्त झालं तर घराला सुतक. मग शिमग्यात देवाची पालखी आपल्याकडे येत नाय. पहिला मान भावकीत विनोदच्या घरी जाईल. एकदा गेलेला मान परत देतंय काय कोण?"

मनालीला शिसारी आली. बाटलीतल्या पुवाचीसुद्धा एवढी आली नव्हती. तो निदान नळीतून बाहेर तरी पडत होता.

डोळे मिटून पडलेला राजाराम जागाच होता. तो खोकला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला आणि मनालीने पुढे धरलेल्या भांड्यात थुंकला. ती त्याची पाठ चोळत राहिली.

"सिस्टरना सांग, उद्याच करा," दम जमल्यावर तो तिला म्हणाला. "आणि काय कमी-जास्त झालं, तर ह्यांना पालखी घरातून गेल्यावरच कळव. कळत नाय तोवर सुतक लागत नाय."

यमुनाबाईंनी तोंडाला पदर लावला.

सुहासने आईच्या जवळ सरकून हळूच विचारलं, "आई, चालतं काय गो तसं?"