झाकणावरचा चिकट चौकोन

"मीठ जरा कमीच पडलंय," ताई म्हणाल्या आणि भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

तिने चमचा ताटात जरा जोरातच ठेवला. पहाटे साडेपाचला बस डेपोतून बाहेर काढायची, दिवसभर गर्दीतून फेऱ्या मारायच्या आणि घरी येऊन पाहावं, तर दारात ताईंच्या चपला. बुधवार होता. बुधवारी ताई यायच्याच. फोन नाही, निरोप नाही. नवऱ्याची थोरली बहीण, त्यात बालवाडीच्या बाई. समोरचा माणूस चार वर्षांचा असो की चाळीस, त्यांच्या लेखी सारखाच.

"अगं, हळू चाव. बस सुटत नाहीये तुझी."

"मी गेल्याशिवाय ती सुटतच नाही, ताई."

नवरा खाली मान घालून जेवत होता. बहीण आली की त्याची वाचा बसायची.

सहा महिन्यांपूर्वी तिची रविवारची सुट्टी गेली, तेव्हा ताईंनी विचारलं होतं, "मी येऊन आठवड्याचं काहीबाही करून ठेवत जाऊ का?" तिने सरळ सांगून टाकलं होतं, "नको. कुणाचे उपकार नकोत. आमचं आम्ही बघू."

आणि बघितलंही होतं. साधा चहा उतू घालणारा नवरा रविवारी, ती कामावर असताना, स्वयंपाकाला लागला. पहिल्या रविवारी त्याने भांडं असं करपवलं, की शेजाऱ्यांनी घाबरून दार वाजवलं. दुसऱ्या रविवारपासून मात्र फ्रीझर डब्यांनी गच्च. धावपळीच्या दिवशी काढा, गरम करा, जेवा. अवचित कुणी आलं तरी घोर नाही. डेपोत ती तोंडभरून सांगायची, "आमच्याकडे नवरा करतो!"

खोड एकच. डब्यांवर काही लिहिलेलं नसायचं. झाकणावर नुसता चिकट चौकोन, लेबल खरवडून काढल्यासारखा. सूप म्हणून डबा गरम करावा, तर आत भात.

"दोन अक्षरं लिहायला हात दुखतात का रे?"

"गंमत राहते ना," तो म्हणायचा.

दिवसभर क्लच दाबून आलेल्या बाईला कसली आली आहे गंमत!

आणि ताई? उपकार नकोत म्हटलं, तर खायलाच यायला लागल्या. आजही आल्या आल्या फ्रीझरकडे बोट दाखवून म्हणाल्या होत्या, "तो नको. मागचा निळ्या झाकणाचा काढ. वाटाणा-बटाटा आहे त्यात." आणि निघालाही वाटाणा-बटाटाच. म्हणजे आपल्या माघारी ही बाई आपला फ्रीझर उचकते! वर जेवण झालं, की रिकामे डबे धुऊन स्वतःच्या पिशवीत. "आणते मी नंतर," म्हणायच्या. आणताना मात्र कधी दिसल्या नाहीत.

"बाब्या, परवाचं सूप पातळ झालं होतं का रे?" ताईंनी विचारलं. टक्कल पडू लागलेल्या माणसाला बाब्या म्हणणारं आता जगात हे एकच माणूस उरलं होतं.

तिचा बांध फुटला.

"ताई, रविवारी हा दिवसभर गॅसपाशी राबतो. ते आमच्या अडीअडचणीसाठी असतं. तुम्ही यायचं, खायचं, वर नावं ठेवायची. निदान फोन तरी करत जा. ही काही खाणावळ नाही."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "अगं, ऐक तर..."

"बाब्या, गप," ताई म्हणाल्या. "ताटातलं संपव आधी."

त्यांनी उठून आपलं ताट धुतलं, पुसून जागेवर ठेवलं. पिशवी उचलली. आज ती रिकामीच होती. दारात चपला घालताना म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. विचारून यायला हवं होतं मी."

पुढच्या बुधवारी ताई आल्या नाहीत. तिला हायसं वाटलं, पण फार वेळ नाही. त्या रविवारी फ्रीझर भरला नव्हता. "वेळ नाही मिळाला," नवरा भिंतीकडे बघत म्हणाला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

"बहिणीचा राग माझ्या पोटावर काढतोस का?"

"मी कुठे रागावलोय?" एवढंच म्हणून तो पाव आणायला खाली गेला. आठवडाभर दोघं पावावर होती.

तिसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी, बेल वाजली. दारात तिच्याच बसचा कंडक्टर, त्याची बायको आणि दोन पोरं.

"इकडून चाललो होतो," कंडक्टर हसत म्हणाला. "म्हटलं, तुमच्या मिस्टरांच्या हातचं खाऊनच जाऊ. डेपोत ऐकून ऐकून कान किटले!"

"या ना, या," ती म्हणाली आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. नवरा अजून कामावरून आला नव्हता. पाव संपला होता.

तिने फ्रीझर उघडला. बर्फाशिवाय काही दिसेना. हात खांद्यापर्यंत आत घातला, तेव्हा अगदी मागे, भिंतीला चिकटलेला एक मोठा डबा लागला. उलथन्याने टोचून, गरम पाणी ओतून तिने तो कसाबसा सोडवला. बाहेर पोरांनी ताटल्या वाजवायला सुरुवात केली होती.

झाकणावरच्या बर्फाखाली काहीतरी पांढरं होतं. लेबल! कधी नव्हे ते एक राहून गेलं होतं. चला, आत काय आहे ते तरी कळेल, म्हणून तिने अंगठ्याने बर्फ खरवडला. फळ्यावर लहान मुलांसाठी लिहावीत तशी गोल, टपोरी, सुटी सुटी अक्षरं एकेक करून वर आली.

"बाब्या, हा मोठा डबा तिच्या पाहुण्यांसाठी राखून ठेव. तिखट बेताचंच घातलंय, तिला सोसत नाही. आणि लेबल आठवणीने काढ रे, माझ्या हातचं आहे हे कळलं, तर एक घास घ्यायची नाही ती."