वानची अस्सल जात

मागणी घालायला आलेल्या मुलाच्या आईने आधी मांजरच न्याहाळली. "बर्फासारखं अंग, एक डोळा निळा, एक मधासारखा, शेपूट कोल्ह्याचं. आपल्या वान सरोवराकाठची अस्सल जात! स्वभाव तेवढा वाईट. मांडीवर बसत नाही, मनात आलं की सरोवरात उडी. असली अवदसा आमच्याकडे नको." आत कॉफी करणाऱ्या नवऱ्या मुलीने, झोझानने, ऐकलं. तुर्की रीतीप्रमाणे मागणीच्या दिवशी नवरदेवाच्या कपात मीठ घालायचं. तोंड वाकडं न करता प्यायला, तर बायकोचा स्वभाव सोसेल. तिने ट्रे फिरवला. मुलगा निवांत प्यायला. त्याच्या आईला मात्र ठसका लागला. "अगं, मीठ माझ्या कपात?" "चुकले नाही, काकू. त्याला मी आहे तशी चालते. सोसायचंय तुम्हाला. मांजरही माझ्यासोबत येणार." बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं, कप शेवटच्या घोटापर्यंत संपवला आणि बशीत पालथा घातला. "स्वभाव माझाही वाईटच आहे. दोघीही या!"