फुकटचं खातं

आवाज गेल्याचं कळलं ते शनिवारी, सकाळच्या शाळेत, पाचवीच्या वर्गात.

प्लंबर मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसला होता. बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. ती याच वर्गाला गणित शिकवायची. इंटरनेटवरच्या एका फुकटच्या साइटवर तिने वर्षभराच्या प्रश्नमंजुषा करून ठेवल्या होत्या. ज्या मुलांना भरभर वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक प्रश्न स्वतःच्या आवाजात भरला होता. ती गेली तरी वर्ग तिच्याच आवाजातले प्रश्न सोडवत होता. नव्या बाईंनी त्याला चारदा निरोप पाठवला होता, एकदा येऊन ऐकून जा म्हणून. आज तो आला होता, हात घासून घासून धुऊन.

नव्या बाईंनी पडद्यावर साइट उघडली. प्रश्नांच्या जागी एक ओळ आली. त्यांनी बंद करून परत उघडली. तीच ओळ.

"खातं काढून टाकलंय म्हणतात," त्या म्हणाल्या. "काल दुपारपर्यंत तर चालू होतं."

"म्हणजे?"

"फुकटची सोय संपली. जुनी खाती पुसली. आधी मेल पाठवले असणार, दादा. पण ते ज्याचं खातं त्यालाच जातात. आमच्याकडे नुसती लिंक."

प्लंबरने खिशातून बायकोचा मोबाइल काढला. तो अजून रोज चार्ज करायचा.

"चार-पाच आले होते," तो म्हणाला. "वर नमस्कार आणि पुढे तिचं नाव. त्याच्या खालचं वाचवत नव्हतं. पुसून टाकायचो."

"सगळं उतरवून घ्यायला महिनाभर मुदत देतात," नव्या बाई म्हणाल्या, आणि आपण हे उगाच बोललो असं वाटून फळा पुसायला लागल्या. फळा कोराच होता.

"बाई, मग आज खेळ नाही?" कुणीतरी विचारलं.

"नाही."

"पण आम्हाला पाठ आहे," पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी मागे वळली. "काका, म्हणून दाखवू?"

त्याने मान हलवली.

"एका टाकीत साठ लिटर पाणी आहे. नळातून मिनिटाला चार लिटर पाणी जातं." बाकीच्यांनी सूर धरला. "टाकी किती मिनिटांत रिकामी होईल? घाई नको. पूर्ण समजलं की मगच दाबा. आमच्या घरी एक जण आहेत, ते काहीही न वाचताच बटण दाबतात. मग म्हणतात, मशीन बिघडलं."

वर्ग हसला. त्या जागी मुलं रोजच हसायची.

"असं म्हणायची?" प्लंबरने विचारलं.

"रोज."

"कशी म्हणायची? रागाने?"

"छे, हळूच."

"हळूच काय, चांगलं मोठ्याने. 'एक जण' म्हणताना थांबायच्या."

"थांबायच्या नाहीत, हसायच्या."

"तुला काय माहीत? तू तर बाकावर झोपलेला असतोस."

वाद वाढत गेला. शेवटी वेण्यांची मुलगी वैतागली. "काका, तुम्हीच सांगा यांना. तुम्ही तर घरी ऐकलंच असेल."

प्रश्न भरताना बायको स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची, कारण बाहेर त्याचा टीव्ही चालू असायचा. मधेच दार उघडून म्हणायची, "अहो, एकच ऐका ना." तो म्हणायचा, "सगळे होऊ देत, एकदम ऐकतो."

वर्ग त्याच्याकडे बघत होता.

"नाही बाळ," प्लंबर म्हणाला. "ऐकायचं राहिलं."