पाच पडदे

आजोळी राहून लॅपटॉपवर शाळा करणाऱ्या नातीची तोंडी परीक्षा चालू होती. आजीचा जीव टांगणीला लागला होता. पण तो नातीसाठी नव्हे, आजोबांसाठी. काल शिलाई मशीनमागून त्यांनी कुजबुजलेलं उत्तर चुकलं, तेव्हा चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला हा माणूस भरल्या ताटावरून उठून गेला होता.

"बारा मीटर कापड आहे. एका पडद्याला दोन मीटर लागतं. किती पडदे होतील?" बाईंनी विचारलं.

"पाच," मशीनमागून कुजबुज आली. "कापड आटतं गं. जास्तीचं धरायला नको?"

झालं! आजीने कपाळाला हात लावला. नातीने आधी खटाखट काहीतरी टाइप केलं आणि मग ठणकावून सांगितलं, "पाच!"

बाईंची नजर खाली वळली, बोटं कीबोर्डवर फिरली. "बरोबर. शाब्बास!"

"बघितलंस?" आजोबा आजीला म्हणाले. "नुसत्या पाढ्यांवर पडदे शिवून होत नाहीत. चल, वाढ आता. सडकून भूक लागलीय."

ते हात धुवायला गेले, तशी आजी चष्मा सावरत लॅपटॉपवर वाकली. नातीने बाईंना लिहिलं होतं:

बाई, सहा. मला येतंय. पण आजोबा शेजारीच आहेत. प्लीज चूक म्हणू नका.

खाली बाईंचं उत्तर होतं:

सहाचे पूर्ण गुण दिले. पण 'बरोबर' मी आजोबांनाच म्हटलं. माझ्याकडे एवढ्याच कापडाचे सहा शिवले होते, पहिल्याच धुण्यात वीतभर आखूड झाले.