वैजयंतीचं मत

पाकीट कोटाच्या आतल्या खिशात सापडलं, आणि तेही नेमकं पोटनिवडणुकीच्या दिवशी सकाळी.

उदयराव मटकन खुर्चीत बसले. तीन आठवड्यांपूर्वी हॉस्पिसच्या खाटेवर बसून वैजयंतीने ही पोस्टाची मतपत्रिका भरली होती.

"अहो, तोंड खिडकीकडे करा. गुप्त मतदान आहे," ती म्हणाली होती.

"त्यात गुप्त काय? बेचाळीस वर्षं लाल पक्षालाच देतेस."

"आणि तुम्ही निळ्यांना. बघा, या खेपेला तुमचाच माणूस येणार." कापऱ्या हातांनी तिने पाकीट चिकटवलं. "आजच पोस्टात टाका हं. शत्रूचं मत म्हणून विसरू नका."

ते विसरले. त्याच दुपारी ती गेली.

मँचेस्टरजवळच्या त्या गावात दोघांनी एकही निवडणूक चुकवली नव्हती. हातात हात घालून जायचं, एकमेकांचं मत खोडायचं आणि परतताना एका पुड्यातले चिप्स खायचे. निकालावरून मग दोन दिवस अबोला.

"बाबा, रडू नका ना," फोनवर तनू म्हणाली. लेकीचं मराठी नेहमीच अडखळायचं. "पोलिंग स्टेशनला पण देता येतो ते एन्व्हलप. विचारा तरी."

ते पाकीट घेऊन निघाले. चर्चच्या हॉलमध्ये टेबलामागच्या बाईंनी हात पुढे केला. उदयरावांनी पाकिटाकडे पाहिलं. चिकटवलेली कड तिरकी बसली होती. तिच्या हातचं शेवटचं काम ते हेच. त्यांच्याने ते देववेना. पाकीट पुन्हा खिशात गेलं.

पण मग तिच्या मताचं काय? आयुष्यात तिने एवढी एकच गोष्ट हक्काने सोपवली होती, आणि तीही त्यांच्या हातून राहिली होती. याची भरपाई करायची तर एकच वाट होती.

त्यांनी स्वतःची मतपत्रिका घेतली. दोरीला बांधलेली पेन्सिल उचलली. निळ्यांच्या नावापाशी हात सवयीने थांबला, तसा त्यांनी तो नेटाने खाली नेला आणि आयुष्यात पहिल्यांदाच लालांपुढे फुली मारली.

"घे, दिलं तुझं मत," ते पुटपुटले. डोळे भरून आले, पण छातीवरचं ओझं जरा हलकं झालं.

येताना त्यांनी चिप्स घेतले. एकट्याला ते संपेनात.

घरी आल्यावर त्यांना राहवेना. तिची ती फुली एकदा डोळ्यांनी बघायची होती. चिकटवलेल्या कडेला धक्का न लावता त्यांनी पाकीट दुसऱ्या बाजूने सुरीने कापलं आणि मतपत्रिका उलगडली.

फुली थरथरती होती, पण चौकटीच्या बाहेर गेली नव्हती. ती निळ्यांच्या उमेदवारापुढे होती.