बाहुलीचा प्रश्न

समाजमंदिरात महिला मंडळाने मुलांसाठी बाहुलीचा खेळ ठेवला होता. वैजयंतीने बाहुली नाचवत विचारलं, "मला एका माणसाची फार भीती वाटते. तुम्हालाही कुणाची वाटते का?"

आत्तापर्यंत खिदळणारी मुलं एकदम गप्प झाली. मात्र पुढे बसलेल्या मुलींच्या माना हळूहळू मागे वळल्या, मग त्यांच्या मागच्यांच्याही, आणि सगळे डोळे दाराशी खुर्चीत बसलेल्या एका माणसावर थांबले. गावातल्या पोरांची फुकट शिकवणी घेणारा तो तिचा सख्खा थोरला भाऊ होता.

"वैजू, पोरं घाबरली बघ. आवर आता," तो हसत म्हणाला.

"दादा, तू बाहेर जा."

तो उठेना, तशा मंडळाच्या बायका मुकाट्याने त्याच्याभोवती येऊन उभ्या राहिल्या. तो गेल्यावर वैजयंतीने आतून कडी लावली आणि मुलींमध्ये मांडी घालून बसली.

एक चिमुरडी तिच्या कानाशी लागली. "ताई, आम्ही बोललो तर सरांना सांगणार नाही ना?"

"नाही गं. पोलिसांना सांगणार."

मग ती बोलू लागली.