काही गोळ्या चालू आहेत?

अग्निशमन दलाच्या प्रशिक्षणात तीनशे बैठका मारलेल्या मुलीला कवायत घेणाऱ्या उस्तादांनीच इस्पितळात आणलं. मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या, लघवी कोऱ्या चहासारखी. “स्नायूंचा चोथा रक्तात उतरलाय, किडन्या धोक्यात आहेत. काही गोळ्या चालू आहेत?” डॉक्टरबाईंनी विचारलं. तिने उस्तादांकडे पाहिलं. खरं बोललं तर भरतीच्या यादीतून नाव उडणार. “नाही.” बाईंनी लघवीची बाटली तिच्या डोळ्यांसमोर धरून पुन्हा विचारलं. ती म्हणाली, “नैराश्याच्या. आठ महिने झाले.” “अशा गोळ्यांवर एवढी मेहनत कधीकधी स्नायूंना झेपत नाही,” म्हणत बाईंनी सलाईन वाढवलं. उस्ताद पुटपुटले, “पोरी, आधी सांगायचंस ना!” “मागच्या तुकडीत एकाने सांगितलं होतं. तुम्ही त्याला सगळ्यांसमोर वेडा म्हणालात.” उस्ताद स्टूल ओढून तिच्या खाटेशी बसले. संध्याकाळी लघवी निवळली, तेव्हा त्यांनी विचारलं, “तो हल्ली कुठे असतो गं?”